मुलांस सायकलवर एकटे जाऊ द्यावे काय?

देशाटनाने शहाणपण येते, असे आपण मुलांकडून निबंधात लिहवून घेतो. परंतु तोच मुलगा घरी येऊन, "शनिवारी मी एकटा सायकलवर हत्तरसंग कुडलास जाऊन येतो," असे म्हणाला, की आईचा चेहरा उतरतो व वडील हातचे वर्तमानपत्र खाली ठेवतात. मित्रमंडळींबरोबर सहलीस जाण्यास कोणाची हरकत नसते. 'एकटा' हा शब्द तेवढा खटकतो. ह्या शब्दाविषयी पालकवर्गाशी थोडे बोलावे, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आहे. आमचे मत असे की, शरीराने धडधाकट व स्वभावाने समंजस अशा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यास, योग्य तयारीनिशी, आडवाटेने एकट्याने सायकलप्रवास करू देणे हे पालकांचे कर्तव्यच होय.

प्रथम वाटेविषयी सांगितले पाहिजे. आपले सोलापूर हे मोठमोठ्या हमरस्त्यांचे ठाणे आहे. पुणे-हैदराबाद हा मार्ग येथूनच जातो. तुळजापूर व विजापूर ह्या बाजूंचे रस्तेही तितकेच वर्दळीचे. त्यांवर मालमोटारी वाऱ्याच्या वेगाने धावतात, आणि उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री-बेरात्री चालू असतात. अशा रस्त्यांवर मुलांस पाठवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्ही बोलतो आहो ते गावास गाव जोडणाऱ्या लहान रस्त्यांविषयी. दोन्ही अंगांस काळी जमीन, तीत रब्बीची ज्वारी, बांधावर बाभळी व कडुनिंब, आणि मैल-मैल गेले तरी एखादी बैलगाडी किंवा शाळेस निघालेली चार मुले, ह्यापलीकडे गर्दी नाही, असे हे रस्ते होत. मोहोळच्या केंद्रात निवडलेल्या 'मालदांडी ३५-१' ह्या ज्वारीची भाकरी आपली मुले खातात. परंतु ती ज्वारी कोणत्या महिन्यात पोटरीस येते, हे शहरातील किती मुलांस सांगता येईल? मोटारीच्या काचेतून शेत दिसते, पण समजत नाही. पायी जाणाऱ्यास समजते, पण त्याची मजल लहान. सायकलस्वारास मजलही गाठता येते आणि मनास येईल तेथे पाय टेकून उभेही राहता येते.

आता वर उल्लेखिलेल्या कुडलचेच उदाहरण घेऊ. सोलापुरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर भीमा व सीना ह्या नद्यांचा संगम आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ ह्या सालचा शिलालेख आहे. कालाचा स्पष्ट उल्लेख असलेल्या अगदी प्राचीन मराठी लेखांत त्याची गणना होते. आपल्याच सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार ह्यांनी तो उजेडात आणला. पुस्तकात ही माहिती दोन ओळींत संपते. तीन-साडेतीन तास पायडल मारून, घामाने निथळत जो विद्यार्थी त्या देवळाच्या गारव्यात शिरेल, त्याला मात्र हजार वर्षांपूर्वीची ती अक्षरे आपल्या भाषेची आहेत हे जन्मभर विसरता येणार नाही.

"पण हे सर्व मित्रांबरोबरही साधेल," असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, दहाजण मिळून खेड्यात जातात तेव्हा ते आपले शहर बरोबर घेऊनच जातात. त्यांचे हसणे-बोलणे आपसांतच चालते. एकटा गेलेला मुलगा मात्र वाट चुकला की त्याला थांबून विचारावेच लागते: "मामा, कुडलची वाट हीच का?" दक्षिणेकडील गावांत एखाद्या आजीकडून कानडीत उत्तर मिळते, मग हातांच्या खुणांनी काम भागते. पाणी मागावे लागते. चाक पंक्चर झाले तर कोणाच्या तरी ओट्यावर बसून बादलीभर पाण्यात ट्यूब बुडवावी लागते. एकट्याच्या प्रवासाने मुलगा स्वावलंबी होतो, असे सर्व म्हणतात, व ते खरेही आहे. परंतु आमच्या मते त्याहून मोठा लाभ निराळाच आहे. आपण इतरांवर किती अवलंबून आहो, हे त्याला तेथे कळते. ज्याच्या घरचे पाणी प्यालो त्याचे नाव-गाव विचारून, हात जोडून पुढे निघणे, हे शिक्षण कोणत्याही वर्गात देता येत नाही.

इ. स. १९२४ मध्ये मुंबईचे फ्रामरोझ दावर जगप्रवासास सायकलवर एकटेच निघाले. व्हिएन्ना येथे त्यांना एक ऑस्ट्रियन तरुण सोबती मिळाला, आणि पुढे सहाराचे वाळवंट त्या दोघांनी मिळून ओलांडले. ते घरूनच टोळी करून निघते, तर त्या परक्या तरुणास त्यांच्यात जागा मिळाली असती काय?

आमचे ख्रिस्ती वाचक येथे एक आक्षेप घेतील. प्रभूने शिष्यांस दोघे-दोघे करून पाठविले, मग मुलांनी एकटे का जावे? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु त्याच वेळी प्रभूने त्यांस भाकरी व झोळी बरोबर घेण्यास मनाई केली होती, हेही ध्यानात ठेवावे. लोकांच्या दाराशी गरजू म्हणून जाणे हा त्या आज्ञेचाच भाग होता. आणि प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पास यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर धाडले, ते एकट्यासच. त्या निर्जन वाटेवरच त्याला रथात बसून वाचीत चाललेला कूशी अधिकारी भेटला. आमचे हिंदु बंधू पंढरीच्या वारीचा दाखला देतील, व समुदायाने चालण्यातील आनंद आम्हांसही मान्य आहे. वारी असावीच, परंतु तिने एकट्याची वाट बंद होत नाही.

खरा प्रश्न भीतीचा आहे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने इ. स. २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातील पुष्कळसा मार्ग तिने एकटीनेच कापला. तिला संकटे आली नाहीत असे नव्हे. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्यात आले. आम्ही धोका नाही असे म्हणत नाही, व कोणत्याही आईच्या काळजीस हसत नाही. परंतु मुलीस घरात ठेवल्याने रस्ता सुरक्षित होत नाही. ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांनी आपल्या मुलांस असे वळण लावावे की, परक्या घरची मुलगी सायकलवर एकटी दिसली तर तिला निर्भयपणे पुढे जाता यावे. मुलीच्या प्रवासाची तयारी दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणापासून सुरू होते. तोवर तिने निदान ओळखीच्या गावांमधील वाटेपासून आरंभ करण्यास काय हरकत आहे?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिली मजल पंधरा-वीस किलोमीटरांहून अधिक नसावी, व ती वाट वडील माणसाबरोबर एकदा पाहून ठेवलेली असावी. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उत्तम. आपल्याकडील उन्हाळा सायकलस्वाराचा वैरी आहे, आणि पावसाळ्यात काळी चिकण माती मडगार्डात भरून चाक फिरेनासे होते. पंप, पंक्चरचे सामान व मुबलक पाणी बरोबर असावे, कारण वेड्या बाभळीचा काटा कोणत्याही टायरची भीड धरीत नाही. ब्रेक व चेन आदल्या दिवशी तपासावीत. उजाडल्यावर निघावे व दिवस मावळण्यापूर्वी घरी असावे. मोबाइल पिशवीत असू द्यावा, पण तो अडचणीपुरता. वाट माणसांस विचारावी. जाण्याचा मार्ग व परतण्याची वेळ कागदावर लिहून आईच्या हाती द्यावी, आणि ती वेळ पाळावी. जो मुलगा ही वेळ पाळतो, त्याला पुढील वेळी परवानगी मागावी लागत नाही.

परवाना मिळण्याचे वय होताच मुलास मोटारसायकल घेऊन देण्याची घाई हल्ली अनेक घरांत दिसते. त्यापूर्वी दोन वर्षे त्याला सायकलवर हा जिल्हा पाहू द्यावा, एवढीच आमची पालकांस विनंती आहे. येत्या नाताळच्या सुटीतील एक शनिवार त्यासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी सायंकाळी मुलगा परत आला म्हणजे किती किलोमीटर झाले, हे प्रथम विचारू नये. वाटेत कोण कोण भेटले, कोणी पाणी दिले, त्यांची नावे काय, हे विचारावे.