यथासंख्य आणि यथानाम

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग घरगुती खरा. परंतु त्यांतून निघणारा बोध घरापुरता नाहीं असें वाटल्यावरून तो आज वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या कुलाचा वृत्तांत छापावयाचें ठरून दोन वर्षें झालीं. जन्म, विवाह, अपत्यें आणि मृत्यु यांचीं टिपणें जमविण्याचें काम आमच्याकडे आलें. मास्तरकी संपलेल्या माणसास याहून सोयीचें काम कोणतें? कोंकणांतल्या मूळ घरापासून तों परदेशीं स्थायिक झालेल्या मुलानातवंडांपर्यंत एकंदर १४६ माणसांची यादी आम्हीं पिढीवार लिहून काढली आणि प्रत्येकापुढें तो हयात कीं दिवंगत याची नोंद केली. नात्यांचें पत्रक निराळें ठेविलें. त्याच्या एकेका ओळींत दोन नांवें आणि त्यांचा परस्परसंबंध, एवढेंच.

आमची पुतणी पुण्यास संगणकाच्या कचेरींत कामाला आहे. सुटींत आली असतां तिनें त्या वह्या चाळल्या आणि ती म्हणाली, "काका, वंशवृक्ष तर सगळेच छापतात. पण झाडाच्या फांद्यांत माहेर-सासरचीं नातीं कशीं बसणार? एकाच घरांत दिलेल्या दोन बहिणी, दत्तक गेलेला मुलगा, हें दाखवायचें तर जाळेंच काढलें पाहिजे."

जाळें म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. माणूस म्हणजे एक बिंदु आणि नातें म्हणजे दोन बिंदूंना जोडणारी एक रेषा. गणितांत अशा आकृतीस आलेख म्हणतात. ऑयलर या गणितज्ञानें १७३६ सालीं कोनिग्सबर्ग शहरांतील सात पुलांच्या कोड्याचा उलगडा केला, तेथून या शास्त्राचा आरंभ मानतात. हल्लीं हीं जाळीं संगणकावर काढतात. पायथन नांवाच्या भाषेंत त्यासाठीं नेटवर्कएक्स हें साधन आहे. तें अमेरिकेंतील लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेंत तयार झालें आणि २००५ सालीं सर्वांस खुलें झालें. प्रत्यक्ष चित्र रेखाटण्याचें काम तें मॅटप्लॉटलिब या दुसऱ्या साधनाकडून करून घेतें.

पुतणीनें दोन दिवसांत जाळें उभें केलें. हयात माणसांचे बिंदु हिरवे आणि दिवंगतांचे राखी, अशी योजना होती. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर तिनें तें चित्र ओसरीच्या भिंतीवर मोठें करून दाखविलें. सारी मंडळी जमली होती. आमची थोरली बहीण, आक्का, मुद्दाम चार दिवस राहावयास आली होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, दोन वर्षांपूर्वीं निवर्तले. आक्का चष्मा पुसून पुढें सरकली आणि भिंतीवर बोटानें स्वतःचें नांव शोधूं लागली. नांव सांपडलें. बिंदु राखी होता. शेजारीं भावोजींचें नांव. त्यांचा बिंदु हिरवागार.

कोणीच बोलेना. मग आक्काच हसून म्हणाली, "बापू, तुमच्या यंत्रानें मला अहेव मरण दिलें म्हणायचें!" आणि उठून आंत गेली. हंसण्यावारी नेलें तिनें. पण स्वयंपाकघरांतून बराच वेळ भांड्याचा आवाजहि आला नाहीं.

पुतणीचें तोंड उतरलें. "आत्याला काय वाटलें असेल!" एवढेंच ती म्हणत राहिली. आम्हांस प्रथम वाटलें, चूक आमच्याच यादींत असावी. यादी काढून पाहिली. आक्कापुढें 'हयात' आणि भावोजींपुढें 'दिवंगत' असें आमच्याच हस्ताक्षरांत स्वच्छ लिहिलेलें होतें. चित्रांतील नांवें बरोबर, नात्यांच्या रेषा बरोबर, फक्त रंग बदललेले. तेव्हां आम्ही दोघे कंदिलाच्या काळच्या विद्यार्थ्यांप्रमाणें मध्यरात्रीपर्यंत बसलों.

कारण सांपडलें तें इतकें साधें होतें कीं, चार नांवांनीं समजावून देतां येईल. समजा, आमच्या यादींत क्रमानें आजोबा, वडील, आक्का आणि आम्ही अशीं चार नांवें आहेत. त्यांचे रंग क्रमानें राखी, राखी, हिरवा, हिरवा. आतां नात्यांचें पत्रक पाहा. पहिली ओळ 'आक्का, वडील'; दुसरी 'आम्ही, वडील'; तिसरी 'वडील, आजोबा'. यंत्र जाळें उभें करतें तें या पत्रकावरून. ओळ वाचतांना जें नांव प्रथम भेटेल त्याचा बिंदु तें प्रथम मांडतें. म्हणजे बिंदूंचा क्रम झाला आक्का, वडील, आम्ही, आजोबा. रंगांची यादी मात्र आमच्या क्रमानें दिलेली. यंत्रानें पहिला रंग पहिल्या बिंदूस, दुसरा दुसऱ्यास, असे वाटून टाकले. आक्का राखी झाली, वडील राखी, आम्ही हिरवे आणि आजोबा हिरवे! दोन रंग बरोबर, दोन चूक; आणि गंमत अशी कीं, एकंदर हिरवे किती व राखी किती हें मोजलें तर हिशेब बिनचूक.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस येथें यथासंख्य परिभाषेची आठवण होईल. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायांतील तिसऱ्या पादांत, दहाव्या सूत्रांत, पाणिनीनें ती बांधून दिली आहे. समान संख्येच्या दोन गटांचा संबंध सांगावयाचा असेल, तर पहिल्याचा पहिल्याशीं, दुसऱ्याचा दुसऱ्याशीं असा तो लावावा, हा तिचा आशय. म्हणूनच यण्‌संधि शिकवितांना आपण सांगतों कीं, इ, उ, ऋ, लृ यांच्यापुढें विजातीय स्वर आला असतां त्यांच्या जागीं अनुक्रमें य्, व्, र्, ल् येतात. सारा भार 'अनुक्रमें' या शब्दावर आहे. पण तो भार टाकतां येतो, याचें कारण अक्षरसमाम्नायांत दोन्ही गटांचा क्रम आधींच जुळवून ठेविलेला आहे. प्रथम क्रम जुळविला, मग यथासंख्य लाविलें. आमच्या घरीं पहिली पायरी राहून गेली आणि दुसरी मात्र यंत्रानें इमानानें पाळली.

मग नांवें तेवढीं बरोबर कशीं पडलीं? कारण नांव लिहितांना यंत्र त्या बिंदूसच त्याचें नांव विचारतें. क्रमावर विसंबत नाहीं. रंग यादीनें, नांव ओळखीनें, असा हा भेद आहे. नांवें बरोबर दिसल्यामुळें रंगहि बरोबर असतील असा पाहणाऱ्याचा समज होतो, आणि चूक लपून राहते. त्यांतच हें चित्र पुन्हां काढलें कीं बिंदूंच्या जागा दर खेपेस बदलतात. कारण मांडणीचा आरंभ यदृच्छेनें होतो. त्यासाठीं एक आरंभांक ठरवून दिला म्हणजे जागा स्थिर राहतात. तो पुतणीनें दिला नव्हता. त्यामुळें जुनें चित्र नव्याशीं ताडून पाहण्याचीहि सोय उरली नव्हती.

उपाय काय? रंगांची यादी करूंच नये. रंगांचा कोश करावा. कोशांत प्रत्येक नांवापुढें त्याचा रंग. मग जाळ्यांतील बिंदु ज्या क्रमानें असतील त्या क्रमानें एकेकाचें नांव घेऊन कोशांत रंग पाहावा, आणि असे मिळालेले रंग यंत्रास द्यावे. क्रम कांहीं असो, रंग नांवामागोमाग जातो. रंग बिंदूच्या गुणांतच नोंदून ठेविला तरी तेंच साधतें. यादीच वापरावयाची असेल, तर रंगांबरोबर बिंदूंची यादीहि त्याच क्रमानें हातीं द्यावी. तशी सोय नेटवर्कएक्समध्यें आहे. हाच नियम बिंदूंच्या लहानमोठ्या आकारासहि लागू आहे.

पुतणीनें कोश केला आणि चित्र पुन्हां काढावयास सांगितलें. यंत्र लगेच अडलें: एक नांव कोशांत नाहीं! शोधतां आढळलें कीं, आमच्या एका चुलत आजीचें नांव पत्रकाच्या एका ओळींत सासरचें आणि दुसऱ्या ओळींत माहेरचें पडलें होतें. एका बाईचे दोन बिंदु झाले होते. आम्हीं विचारलें, "मग पहिल्या खेपेस १४६ रंगांना १४७ बिंदु व्हावयास हवे होते. तेव्हां यंत्र कां अडलें नाहीं?" संख्या जुळली नाहीं तर तें चूक दाखवून थांबतें, असें तिनेंच सांगितलें होतें. पुन्हां मोजलें. घर सोडून संन्यास घेतलेल्या एका चुलत आजोबांची ओळ पत्रकांत लिहावयाचीच राहिली होती. त्यामुळें त्यांचा बिंदुच उमटला नव्हता. एक अधिक, एक वजा. बेरीज जुळली आणि यंत्र समाधानानें पुढें गेलें. यावर तोड अशी कीं, आधीं यादींतील सर्व माणसांचे बिंदु मांडावे, मग रेषा जोडाव्या. ज्याचें नातें लिहिलें नाहीं तो एकटा पडलेला दिसतो आणि आपणांस जाब विचारतो.

आम्हीं पुतणीस धीर देण्यासाठीं आमच्या मास्तरकींतली एक गोष्ट सांगितली. नवखे असतांना आम्हीं एकदां उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या क्रमानें गुण एका कागदावर लिहिले आणि ते तसेच हजेरीपटाच्या क्रमानें उतरविले. पोरें तेवढींच, गुण तेवढेच. पण वर्गांतील हुशार मुलगा नापास झाला. तो रडत आला म्हणून चूक कळली. न रडणारे किती असतील, हा विचार मनांतून अजून जात नाहीं.

आज अशीं जाळीं रोगाच्या संसर्गाचा माग काढण्यासाठीं, विजेच्या वाहिन्यांसाठीं, पैशाच्या उलाढाली तपासण्यासाठीं काढतात. तेथें निरोग्यास रोग्याचा रंग लागला, तर त्याला ओळखणारी आक्का समोर बसलेली असेलच असें नाहीं. म्हणून चित्र चारचौघांत नेण्यापूर्वीं निदान तीनचार परिचित बिंदु निवडून त्यांचे रंग मूळ नोंदीशीं ताडून पाहावे. संख्या जुळली एवढ्यावर समाधान मानूं नये.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतणीनें आत्याला हाताला धरून आणलें आणि नवें चित्र दाखविलें. आक्काचा बिंदु हिरवा, भावोजींचा राखी. आक्कानें बराच वेळ पाहिलें. मग दोन्ही बिंदूंमधल्या रेषेवर बोट ठेवून तिनें विचारलें, "ही रेघ कालहि होती का ग?"

"होती, आत्या. रेघा सगळ्या बरोबरच होत्या," पुतणी म्हणाली.

"मग झालें तर," आक्का म्हणाली, आणि चहा ठेवावयास आंत गेली.