जखमी गुडघ्याचा हिशेब

एखाद्या खेळाडूच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि तो वर्षभरासाठी बाहेर गेला, की फॅन्सच्या ग्रुपवर दोन दिवस ‘गेट वेल सून’ चालतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी एक्सेलचा स्क्रीनशॉट टाकतो. याचा कॅपवर किती बोजा आहे, याला आत्ता काढला तर किती वाचतील, एक जूननंतर काढला तर किती. आठवडाभरात माणूस मागे पडतो आणि आकडा उरतो. मग ‘उगाच कॅप अडवून बसलाय’ असं बोलणं सुरू होतं. जणू त्याने एस.टी.त रुमाल टाकून जागा धरली आहे.

मला हिशेबाचा राग नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, आकड्यांवरच माझं पोट चालतं. पण आकडे ज्या नियमांतून बाहेर येतात ते नियम कुणीतरी लिहिलेले असतात आणि ते बदलता येतात, हे आपण फॅन लोक विसरतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. जखमी खेळाडूचा पगार सॅलरी कॅपच्या बाहेर काढला पाहिजे. तो लीगच्या सामाईक निधीतून, एक पैसाही न कापता दिला पाहिजे. आणि कोण किती जखमी आहे, हे ठरवायचा अधिकार क्लबकडे अजिबात नको. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. एखादीच केली तर काय होतं, त्याची उदाहरणं पुढे येतीलच.

कॅप वाईट नाही

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये सॅलरी कॅप १९९४ साली आली. तेव्हा एका संघाला खेळाडूंच्या पगारावर वर्षाला सुमारे ३.४६ कोटी डॉलर खर्च करता यायचे. २०२५ मध्ये ही मर्यादा २७.९२ कोटी डॉलर झाली. ३२ संघ, सगळ्यांना एकच मर्यादा. त्यामुळे सर्वांत श्रीमंत मालकाला सगळे चांगले खेळाडू विकत घेऊन बसता येत नाही. ही कल्पना मला पटते. युरोपातल्या लीगमध्ये तेच दोन-तीन क्लब वर्षानुवर्षं जिंकताना पाहिलेल्या कुणालाही पटेल.

अडचण सुरू होते ती खेळाडू जखमी झाल्यावर. संघात ५३ जण असतात. जखमी खेळाडूला ‘इन्जर्ड रिझर्व्ह’ नावाच्या यादीत टाकलं की त्याची जागा रिकामी होते, तिथे दुसरा घेता येतो. पण जखमी खेळाडूचा पगार कॅपमध्ये मोजला जातच राहतो आणि बदली खेळाडूचाही मोजला जातो. एका जागेसाठी दोन पगार. ज्या संघाचे दहा जण जखमी, त्याच्या हातात बाकीच्यांपेक्षा कमी पैसे. नशीब खराब असल्याचा दंडच म्हणा.

आता अशा वेळी संघाचा मॅनेजर काय करेल? नियम त्याला जे करायला लावतील तेच. त्याच्याकडे तीन-चार वाटा असतात.

पहिली वाट ‘स्प्लिट कॉन्ट्रॅक्ट’. एकाच करारात दोन पगार लिहिलेले असतात. मैदानावर असलास तर एवढा, जखमींच्या यादीत गेलास तर त्याहून कितीतरी कमी. स्टार खेळाडू असल्या करारावर सही करत नाहीत. ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नसतो ते करतात, म्हणजे ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांत निवडलेली किंवा निवडच न झालेली पोरं.

दुसरी वाट ‘इन्जरी सेटलमेंट’. तू साधारण सहा आठवड्यांत बरा होशील, हे घे सहा आठवड्यांचे पैसे, आता तू मोकळा. सातव्या आठवड्यात गुडघा बरा झालेला नसला तर तो तुझा प्रश्न.

तिसरी वाट म्हणजे थांबायचं. खेळताना जखमी झालेल्याला त्या हंगामाचा पगार द्यावाच लागतो. पण पुढच्या वर्षी तो वैद्यकीय चाचणी पास झाला, की त्याच दिवशी त्याला काढता येतं. पुढच्या पगाराची हमी नसेल तर बरं होणं हीच नोकरी जाण्याची पायरी ठरू शकते.

हॅमलिन आणि औदार्याची गोष्ट

२ जानेवारी २०२३. सिनसिनाटीत बफेलो बिल्सचा डामार हॅमलिन एक टॅकल करून उठला आणि दोन पावलांत कोसळला. हृदय थांबलं होतं. मैदानावरच सीपीआर दिला गेला. तो सामना पुन्हा कधी खेळवला गेला नाही. सारी अमेरिका त्याच्यासाठी प्रार्थना करत होती.

त्याच आठवड्यात एक छोटी बातमी आली. हॅमलिन हा सहाव्या फेरीत निवडलेला, दुसऱ्या वर्षाचा खेळाडू. त्याचा करार स्प्लिट होता. मैदानावर असेल तर वर्षाला ८,२५,००० डॉलरचा दर, जखमींच्या यादीत गेला तर ४,५५,००० चा. तो अतिदक्षता विभागात असताना त्याला त्या यादीत टाकलं गेलं, म्हणजे कराराप्रमाणे त्याचा दर जवळपास निम्म्यावर यायला हवा होता. बिल्स आणि लीगने मिळून ठरवलं, की त्याला पूर्ण पैसे द्यायचे. सगळीकडे कौतुक झालं.

मला त्या कौतुकाचाच त्रास होतो. हंगाम संपत आला होता, त्यामुळे प्रत्यक्षातली रक्कम फार मोठी नव्हती. पण अपवाद करावा लागला याचा अर्थ नियम लाज वाटण्यासारखा होता आणि तो सगळ्यांना कळत होता. हॅमलिन कोसळला तेव्हा कोट्यवधी लोक टीव्ही पाहत होते. ऑगस्टमधल्या सरावात, कॅमेरा नसताना, ज्याचा घोटा मोडतो त्याच्यासाठी कुणी अपवाद करत नाही. त्याला कागदावरचा कमी आकडाच मिळतो. शिवाय या लीगमध्ये पेन्शन मिळायला तीन पात्र हंगाम लागतात. दुसऱ्या वर्षी गुडघा गेलेल्या पोराच्या हातात काय उरतं ते पाहा. खेळाडू करोडपती असतात, त्यांची कसली कीव, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की हा नियम करोडपतींना लागूच होत नाही. तो त्यांच्या शेजारच्या लॉकरवाल्याला लागू होतो.

दुखापतीच्या भीतीने धडधाकट माणूस बाहेर

मोठ्या खेळाडूंचं काय? ते करारात ‘इन्जरी गॅरंटी’ लिहून घेतात. जखमी झालो आणि चाचणी पास झालो नाही, तरी पुढच्या वर्षीचा ठरलेला पगार मिळालाच पाहिजे. ऐकायला उत्तम. पण कॅपचा हिशेब या हमीचंही काय करतो ते बघा.

डिसेंबर २०२२ मध्ये रेडर्सने आपला क्वार्टरबॅक डेरेक कार याला शेवटचे दोन सामने शिल्लक असताना बसवलं. तो जखमी झाला असता तर ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम संघाच्या गळ्यात पडली असती. फेब्रुवारीत हमी पक्की होण्याच्या आदल्या दिवशी त्याला मोकळं केलं. वर्षभराने डेन्व्हर ब्रॉन्कोसने रसेल विल्सनबाबत तेच केलं. त्याच्या २०२५ च्या ३.७ कोटी डॉलर पगाराला दुखापतीची हमी होती. हमीची अट बदल, नाहीतर बसवू, असं आपल्याला हंगामाच्या मध्यातच सांगण्यात आलं होतं, हे विल्सनने स्वतः जाहीरपणे सांगितलं. त्याने अट बदलली नाही. शेवटच्या दोन सामन्यांत तो बाकावर होता. दोन्हीकडे प्रशिक्षकांनी कारण खेळाचं दिलं. मार्चमध्ये विल्सनला काढलं, तेव्हा साडेआठ कोटी डॉलर दोन वर्षांच्या कॅपवर ‘डेड मनी’ म्हणून चढले.

दोघंही धडधाकट होते. तिकीट काढून आलेल्या लोकांना मात्र, संघाला आपल्याच खेळाडूच्या गुडघ्याची भीती वाटते म्हणून, दुसऱ्याच कुणाचा खेळ पाहावा लागला.

बार्सिलोनात उलटी गंगा

‘मग जखमी खेळाडूचा पगार कॅपमधून वगळा की, झालं,’ असं कुणी म्हणेल. स्पेनच्या ला लीगामध्ये जवळपास तसंच आहे. तिथे प्रत्येक क्लबला खर्चाची मर्यादा आहे. खेळाडू चार महिने किंवा त्याहून जास्त काळासाठी बाहेर गेला, तर त्याच्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंतची रक्कम दुसऱ्याची नोंदणी करायला वापरता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये बार्सिलोनाने दानी ओल्मोची नोंदणी केली, ती आंद्रेआस क्रिस्टेनसेनच्या दुखापतीतून मोकळ्या झालेल्या जागेवर.

मग आला २०२५ चा उन्हाळा. कर्णधार मार्क-आंद्रे टेर स्टेगनच्या पाठीचं ऑपरेशन झालं. आपण साधारण तीन महिने बाहेर असू, असं त्याने स्वतः जाहीर केलं. तीन महिने क्लबच्या उपयोगाचे नव्हते, चार हवे होते. नवा गोलकीपर जोआन गार्सिया नोंदणीसाठी ताटकळत होता. वैद्यकीय अहवाल लीगकडे पाठवायला खेळाडूची संमती लागते. टेर स्टेगनने सही केली नाही. क्लबने त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू केली आणि ७ ऑगस्टला कर्णधारपद काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने सही केली, कर्णधारपद परत मिळालं.

त्या दिवसांत सोशल मीडियावर टेर स्टेगनला स्वार्थी म्हणणारे हजारो होते, त्यात मराठीत लिहिणारेही होते. मला विचारायचंय, स्वतःची पाठ किती महिन्यांत बरी होईल हे सांगण्यात कसला स्वार्थ? अमेरिकेत संघाला खेळाडू लवकर बरा झालेला हवा असतो, म्हणजे त्याला काढता येतं. स्पेनमध्ये तो उशिरा बरा झालेला हवा असतो, म्हणजे दुसरा आणता येतो. दोन्हीकडे पाठ खेळाडूची आणि तारीख क्लबची.

‘लोक गैरफायदा घेतील’

यावरचा सर्वांत दमदार आक्षेप आइस हॉकीतून येतो. एनएचएलमध्ये तेव्हा दीर्घकाळ जखमी असलेल्या खेळाडूच्या पगाराएवढी कॅपमध्ये सूट मिळायची. टॅम्पा बे लाइटनिंगचा निकिता कुचेरोव्ह नितंबाच्या ऑपरेशनमुळे २०२०-२१ चा सगळा साखळी हंगाम बाहेर होता. प्लेऑफमध्ये कॅप लागूच नव्हती, आणि तो थेट प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात उतरला. सर्वाधिक गुण त्याचे. टॅम्पाने करंडक जिंकला आणि कुचेरोव्ह विजयोत्सवात ‘कॅपपेक्षा १.८ कोटी जास्त’ अशा अर्थाचा टी-शर्ट घालून फिरला.

आक्षेप खरा आहे. पण यावर एनएचएलने काय केलं? जखमींची सूट रद्द केली नाही. २०२५-२६ पासून प्लेऑफलाही कॅप लावली. पळवाट सापडली, ती बुजवली. आमच्या कामात याला रोजचा मंगळवार म्हणतात. पळवाट सापडते म्हणून आख्खी सोयच बंद करायची, असं कुणी म्हणत नाही. आणि खोट्या दुखापतींवर उपाय काय, तर निर्णय क्लबच्या डॉक्टरकडून काढून घ्या. एनएफएलमध्ये डोक्याच्या दुखापतीसाठी संघांशी संबंध नसलेले तज्ज्ञ डॉक्टर प्रत्येक सामन्याला हजर असतातच. मेंदूसाठी जे जमतं ते गुडघ्यासाठी का जमू नये?

दुसरा आक्षेप पैशांचा. निधी कुठून येणार? सरळ उत्तर आहे. लीगच्या उत्पन्नातला सुमारे ४८ टक्के वाटा खेळाडूंचा असतो. मालकांनी आपल्या वाट्यातून भर घालावी, नाहीतर सगळ्या संघांची कॅप थोडी खाली आणून निधी उभारावा. दुसऱ्या मार्गात धडधाकट खेळाडू जखमींचा हप्ता भरतील, हे मी लपवत नाही. विमा असाच चालतो. आणि हे अशक्य वाटत असेल तर फिफाकडे पाहा. २०१२ पासून राष्ट्रीय संघाकडून खेळताना जखमी झालेल्या खेळाडूचा पगार फिफाची योजना क्लबला भरून देते. २८ दिवसांहून जास्त काळ बाहेर असेल तर, एका खेळाडूमागे वर्षाला ७५ लाख युरोंपर्यंत. म्हणजे क्लबचं नुकसान होतं तेव्हा सामाईक निधी लगेच सुचतो. खेळाडूचं होतं तेव्हा तीच माणसं स्प्लिट कॉन्ट्रॅक्ट पुढे करतात.

एनएफएलचा सध्याचा सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. २०२१ मध्ये १६ चे १७ सामने झाले, आता मालकांना अठरावा हवा आहे. आणखी एक आठवडा, आणखी काही गुडघे. खेळाडूंच्या संघटनेने त्या अठराव्या सामन्याच्या बदल्यात सगळ्यात आधी हे मागावं: स्प्लिट कॉन्ट्रॅक्ट बंद, जखमींचा पगार सामाईक निधीतून आणि डॉक्टर क्लबच्या पगारावरचा नसलेला. पाच-दहा टक्के पगारवाढ त्यानंतर मागता येईल. आणि आपण, रात्री जागून हे सामने बघणाऱ्यांनी, पुढच्या वेळी कुणी तो एक्सेलचा स्क्रीनशॉट टाकला की त्याला एकच विचारावं: यातल्या कुठल्या रकान्यात तो माणूस बरा झालाय का ते लिहिलंय?