फुलाचे पाखरू, पानाचे लेकरू

चाळिशी आली की माणसाला दोन गोष्टी लागतात. नाकावर चष्मा आणि डोक्यात एखादे खूळ. मला दोन्ही एकाच वर्षी लागली. खूळ फुलपाखरांचे फोटो काढण्याचे. आठवडाभर कॉलेजात मराठी शिकवावे आणि रविवारी आळ्याच्या घरी येऊन झेंडूच्या वाफ्याशी कॅमेरा घेऊन बसावे, असा माझा क्रम सुरू झाला.

हे काम वाटते तितके सोपे नाही, वाचकहो! सकाळच्या कोवळ्या उन्हात फुलपाखरू पंख पसरून अंग शेकत बसते, तेवढीच काय ती फोटोची घटका. तुमची सावली त्याच्यावर पडली की कारभार आटोपला! त्यातून काळ्या पंखांवर पिवळे ठिपके मिरवणारी लिंबाळी तर मध पितानाही पंखांची फडफड थांबवीत नाही. माझे पहिले शंभर फोटो परीक्षेतल्या उत्तरांसारखे आले. विषय कुठेतरी आसपास आहे, पण नेमका सापडत नाही! मग हळूहळू युक्त्या कळल्या. आमच्या कुंपणावरच्या टणटणीची फुले उमलताना पिवळी असतात, शिळी झाली की गुलाबी होतात. फुलपाखराला हा रंग बरोबर वाचता येतो. ते पिवळ्यावरच उतरते. मीही पिवळ्यावर नेम धरून बसू लागलो.

पाहुणे येऊ लागले की माणूस घर सजवतो. मीही बाग सजवू लागलो. एका रविवारी मोरीच्या पाण्यावर वाढलेला कढीलिंब माझ्या डोळ्यांत खुपला. कुणीतरी कात्रीने कातरावीत तशी त्याची पाने झाली होती. जवळ जाऊन पाहतो तो कोवळ्या पानांवर पाखरांच्या शिटेसारखे तपकिरी-पांढरे काहीतरी चिकटलेले, आणि पलीकडे चांगल्या जाडजूड हिरव्या अळ्या! एकीला काडी लावली, तर तिने डोक्यामागून नारिंगी दुबेळके काढून उग्र वास सोडला. मी एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकली. मोजलीसुद्धा. एकवीस भरल्या.

आई ओसरीवर लसूण सोलीत होती. उठून आली आणि बादलीत डोकावली.

"अरं, एका हातानं त्यांचे फोटू काढतोस न् दुसऱ्या हातानं त्यांचीच लेकरं मारतोस?"

मी एम. ए. झालेला माणूस! म्हटले, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? दरसाल बघते की मी."

शेंड्याला एक अळी माझ्या नजरेतून सुटली होती. आईने ती डहाळी तांब्यात खोचून ओसरीवर ठेवली. काही दिवस अळीने पोटभर पाने खाल्ली. मग काडीला टेकून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून तिने कोष केला. पुढे एका रविवारी सकाळी तो कोष फुटला आणि चुरगळलेल्या पंखांचा एक ओला जीव बाहेर आला. मी कॅमेऱ्याकडे धावलो.

"आधी पंख तर वाळू दे त्याचे," आई म्हणाली.

मी कॅमेरा खाली ठेवला. पंख हळूहळू भरत गेले. काळ्यावर पिवळे ठिपके दिसू लागले. लिंबाळीच होती ती! ती उडून गेली आणि माझ्या डोळ्यांपुढे राहिली ती बादली.

खरे सांगायचे तर मला आपल्या मराठीनेच फसवले. वर्गात मी 'फुलपाखरू' शब्दाचा विग्रह कितीदा तरी सोडवून दाखवला आहे. फुलावर बसणारे पाखरू, मध्यमपदलोपी समास. पण फूल ही त्याची नुसती खाणावळ! त्याचे माहेर पान. तेही वाटेल ते पान नव्हे. बांधावरची जी रुई आपण तण म्हणून उपटतो, तिच्यावर केशरी फुलपाखराची लेकरे वाढतात. रुईचा विषारी चीक पोटात गेल्यामुळे ती पाखरांना कडू लागतात आणि जगतात. २०१५ साली महाराष्ट्राने राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला. भारतात असा मान देणारे हे पहिले राज्य. त्या राणीचे बाळपणही लिंबाच्या कुळातल्या पानांवरच जाते. समासातले जे पद लोपले, तेच नेमके महत्त्वाचे होते!

ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात आहे. लहानपणापासून मी तिथे डोके टेकवीत आलो. मुक्या जिवाला कमी लेखू नये, एवढे तरी या गावच्या माणसाला कळायला हवे होते.

आता मोरीवरचा कढीलिंब अर्धाअधिक खाल्लेला असतो. फोडणीपुरता पाला आम्ही बाजारातून आणतो. माझ्या फोटोंच्या वहीत पहिल्या पानावर त्याच कढीलिंबाच्या कुरतडलेल्या डहाळीचा फोटो लावला आहे. परवा एका विद्यार्थ्याने तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "सर, यात फुलपाखरू कुठं आहे?"

म्हटले, "अजून यायचंय."