पुवाच्या फोडांवर कोणतें मलम?

पावसाळा लागला कीं नंदाखाल, आगाशी, अर्नाळा या वसईच्या किनारपट्टींतील गांवांत हवा दमट होते, कपडे वाळत नाहींत, डांस चावतात आणि मुलें खाजवून अंग सोलून घेतात. मग चार दिवसांत नाकाखालीं, ओठांशेजारीं मधाच्या रंगाची खपली दिसूं लागते. डॉक्टर यास इंपेटिगो म्हणतात. स्टॅफिलोकोकस व स्ट्रेप्टोकोकस हे जंतु खाजविलेल्या जागेंतून आंत शिरल्यानें तो होतो, आणि एकाच टॉवेलावरून घरांतील इतर मुलांसही जडतो.

अशा वेळीं म्युपिरोसिन सरस कीं फ्युसिडिक अॅसिड, असें आम्हांस पुष्कळ वेळां विचारण्यांत येतें. पहिलें एका जंतूपासूनच मिळालेलें, दुसरें एका बुरशीपासून. दोन्हीं औषधें रोगजंतूंची प्रथिनें बनविण्याची क्रिया बंद पाडतात. मात्र निरनिराळ्या पायरीवर. २०१२ सालीं कॉक्रेन या संस्थेनें अनेक चांचण्यांचे निष्कर्ष एकत्र पारखले, तेव्हां दोहोंच्या गुणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. फोड थोडे असल्यास पोटांत औषध घेण्याचेंही सहसा कारण पडत नाहीं.

तेव्हां खरा प्रश्न सरस-नीरसाचा नव्हे, तर जपून वापरण्याचा आहे. जंतु औषधास सरावतात. इस्पितळांत शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याच्या नाकांतील दुर्धर स्टॅफिलोकोकस घालविण्यास म्युपिरोसिनच उपयोगी पडतें. तें प्रत्येक ओरखड्यावर फासून आपण निकामी केलें, तर उद्यां आपल्याच घरचा रोगी उघडा पडेल. याच विचारानें इंग्लंडांतील नाइस या संस्थेनें २०२० सालीं थोड्या फोडांसाठीं प्रथम एक टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडच्या क्रीमची शिफारस केली.

याहून मोठा धोका कपाटांतील जुन्या ट्यूबेंत असतो. स्टेरॉइड, अँटिबायोटिक व बुरशीनाशक यांची खिचडी असलेलीं मलमें लावतांच खाज थांबते, म्हणून गृहिणींचा त्यांवर विश्वास बसतो. परंतु नायटा बुरशीचा असतो. स्टेरॉइडनें तो दबतो आणि मग दुप्पट पसरतो, शिवाय कातडी पातळ होते ती वेगळीच. सरकारनें २०१८ सालीं अशीं अनेक स्टेरॉइडयुक्त मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती उगीच नव्हे.

आमचें सांगणें इतकेंच : साबणाच्या कोमट पाण्यानें खपली मऊ करून काढावी, नखें कापावीं, मुलाचा टॉवेल व उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. मलम डॉक्टरांनीं सांगितलें असेल तेंच, सांगितलें असेल तितकेच दिवस, बहुधा पांच, लावावें. उरलेलें शेजारीं देऊं नये. ताप आला, फोड भराभर पसरले, मूल तान्हें असलें, किंवा पुढें कांहीं आठवड्यांनीं तोंड सुजून लघवी लालसर झाली, तर घरगुती उपायांत एक दिवसही दवडूं नये. औषध दुकानांत मिळतें. विवेक मात्र घरींच ठेवावा लागतो.