डोक्याचा मार आणि विजयेचे तेल

लातूर-नांदेड भागात डोक्याला मार लागलेल्या वृद्धांची हकीकत ऐकताना तपशील बदलतात, गोष्ट मात्र बहुधा तीच असते. आई मुलाच्या मोटारसायकलवर मागे एका अंगाने बसलेली. मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर, हेल्मेट नाही. गतिरोधक दिसत नाही, गाडी उसळते आणि ती माउली मागच्या मागे डांबरावर आपटते. मग शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि काही आठवड्यांनी घर. जीव वाचला म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आई रात्रभर जागी आणि दिवसा झापडीत; उगाच सुनेवर खेकसते, नातवाच्या नावापाशी अडखळते.

अशाच एका घरातील सून मध्यंतरी काचेची लहान बाटली घेऊन आली. पुण्यात नोकरीस असलेल्या दिराने काही हजार रुपये मोजून ती मागवली होती. वर हिरवे पान आणि 'विजया' हा शब्द. "डॉक्टरसाहेब, यानं मेंदूची सूज उतरते म्हणतेत. आत्याबाईंना देऊ का?"

प्रश्न वेडगळ नाही. मेंदूला इजा होते ती दोनदा. पहिली आघाताच्या क्षणी. तिच्यावर कोणाचाच इलाज चालत नाही. दुसरी पुढच्या काही तासांत व दिवसांत, सूज, दाह आणि पेशींमधील रासायनिक गोंधळामुळे. या दुसऱ्या इजेला आवर घालता आला तर पुष्कळ काही वाचेल, म्हणून जगभरचे संशोधक तिच्यामागे लागले आहेत. आपले शरीर भांगेतील घटकांशी साम्य असलेली काही द्रव्ये स्वतःच तयार करते. त्यांतील पहिले १९९२ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि त्याला 'आनंद' या संस्कृत शब्दावरून आनंदामाइड असे नाव मिळाले. सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल हा भांगेच्या झाडातील नशा न आणणारा घटक. उंदरांवरील प्रयोगांत त्याने मेंदूची सूज व दाह कमी झालेला दिसला आहे. आशेचा उगम तो इथे.

परंतु उंदीर आणि आत्याबाई यांच्यात फार मोठे अंतर आहे. मेंदूच्या इजेवर उंदरांना गुणकारी ठरलेली कितीतरी औषधे माणसांत निष्फळ ठरली. याच कुळातील, प्रयोगशाळेत बनवलेले डेक्सानॅबिनॉल हे द्रव्य घ्या. ते सीबीडी नव्हे, पण त्याच्यावरही अशाच आशा होत्या. गंभीर इजा झालेल्या ८६१ रुग्णांवर, १५ देशांतील रुग्णालयांत, अपघातानंतर सहा तासांच्या आत देऊन त्याची चाचणी झाली. २००६ मध्ये निष्कर्ष आला: औषध सुरक्षित होते, पण सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या स्थितीत काहीही फरक नव्हता. सीबीडीने माणसाचा जखमी मेंदू लवकर सावरतो असे दाखवणारी एवढी मोठी चाचणी आजवर झालेली नाही, आणि या कारणासाठी त्याला मान्यताही नाही. मान्यता आहे ती आकडीच्या काही दुर्मीळ विकारांसाठी. अमेरिकेत ती २०१८ मध्ये मिळाली. तेथील सुरुवातीची मात्रा ५० किलो वजनाला दिवसाला सुमारे २५० मिलिग्रॅम. रात्री जिभेखाली टाकायच्या दोन-चार थेंबांचा हिशेब यावरून आपणच करावा.

व्हॉट्सॲपवर आणखी एक बातमी फिरते: गांजा घेणारे लोक डोक्याच्या मारातून अधिक वाचतात. तिचे मूळ २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. त्यात ४४६ रुग्णांपैकी ज्या ८२ जणांच्या तपासणीत नशेचा घटक आढळला, त्यांच्यात मृत्यू कमी होते. पण तो घटक सीबीडी नव्हे, टीएचसी. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही.

बाटल्यांमधला फरकही समजून घ्यावा. भांगेच्या बियांचे तेल हा खाद्यपदार्थ आहे. त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच. 'विजया' नावाने मिळते ते बहुधा पानांचा अर्क असलेले आयुर्वेदिक औषध. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा; नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून अशी औषधे परवान्याखाली बनवता येतात. ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात, ऑनलाइन मागवून दिराच्या सल्ल्याने नव्हे. आणि पूर्ण अर्कात टीएचसीही असते. ज्या वृद्धेचा तोल व स्मरण आधीच डळमळले आहे, तिला ते आणखी डळमळवते.

मी त्या सुनेला आधी औषधांची पिशवी रिकामी करावयास सांगितली. आकडी येऊ नये म्हणून क्लोबाझाम चालू होते. सीबीडीमुळे त्याचा अंश रक्तात वाढतो आणि माणूस गुंगीत राहतो. व्हॅल्प्रोएटसोबत यकृताला त्रास होण्याचा संभव असतो. वॉर्फरिनसारख्या गोळीसोबत रक्त अधिक पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. पडलेल्या वृद्धाच्या बाबतीत तर गुंगी हा केवळ त्रास नसतो. म्हातारपणी कवटीच्या आत रक्त थेंबाथेंबाने साचू शकते, तेही मार लागल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी न्हाणीघरातील किरकोळ पडण्यानंतरसुद्धा. झोप वाढते, बोलणे अडखळते, एक पाय ओढला जातो. 'वय झाले' म्हणून घर गप्प बसते. त्यात गुंगी आणणारे तेल चालू असेल तर ही खूण ओळखणार कोण? अशी लक्षणे दिसताच बाटलीकडे न पाहता नांदेडजवळील विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयात नेऊन सीटी स्कॅन करवून घ्यावा. साचलेले रक्त वेळीच काढले तर पुष्कळ रुग्ण पुन्हा पूर्वीसारखे बोलू-चालू लागतात.

मग घरी करायचे काय? सकाळी उन्हात बसवणे आणि दुपारची झोप आखडती घेणे. रात्र आपोआप सुधारू लागते. एका वेळी एकानेच, एकच गोष्ट सांगणे. भेटीला येणाऱ्यांचा लोंढा थोपवणे. यात गावात वाईटपणा येतो, तो मुलाने घ्यावा, सुनेवर ढकलू नये. जेवताना ताठ बसवणे, म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही. शिकवलेला व्यायाम रोज करून घेणे. आणि हाताला काम देणे: वाती वळणे, शेंगा फोडणे, ज्वारी निवडणे. बोटे, नजर आणि लक्ष ही तिन्ही त्यात एकदम राबतात, आणि आपण अजून घराच्या उपयोगी आहोत हे त्या बाईला कळते.

सुनेने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि मी कधी झोपू?" मुलगा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागला. अखेर आठवड्यातील तीन रात्री त्याच्या नावावर लिहूनच मी त्यांना उठू दिले.