टेबलावरचा लष्करी बँड

आषाढात चिपळूणला पावसाची झड लागली की ज्येष्ठांची संध्याकाळची फेरी बंद पडते. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी सोसला, त्यांचे लक्ष तर अशा दिवसांत वाशिष्ठीच्या पाण्याकडेच लागून राहते. हात आणि मन दोन्ही गुंतविणारा एक छंद म्हणून सुचवितो : धातूचे ओतीव शिपाई जोडून, रंगवून छोटा लष्करी बँड उभा करणे.

विषय आपलाच निवडावा. मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा १७६८ पासूनची. कोकणातील कितीतरी घरांतून माणसे या पलटणीत गेली. बिगूल हे हलक्या पायदळाचे चिन्ह, म्हणून आरंभ बिगूलवाल्यापासून करावा.

काही पथ्ये पाळावीत. ओतीव धातूत शिसे असू शकते; म्हणून तो ओला करूनच घासावा, चुरा ओल्या फडक्याने टिपावा, ब्रशाचे टोक ओठांनी ओले करू नये, हात साबणाने धुवावेत आणि लहान नातवंडांना दूर ठेवावे. पाण्यात मिसळणारे रंग वापरावेत. दमट हवेत प्रत्येक थर पुरता सुकू द्यावा. रंगविताना मनगट टेबलावर टेकवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती. आजोबांच्या हातून टोपीचा तुरा वाकडा रंगला, तर तो सरळ करू नका. बँड देखणा होईल. पण तो त्यांचा उरणार नाही. हाताची थरथर नव्याने जाणवली किंवा वाढली, तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवावे.