पाहुण्यांची सरबराई, घरच्यांची उपासमार

देशाच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये खेळणारा एकही क्लब आज पुण्यात नाही. दशकभरापूर्वी चित्र उलटं होतं. २०१४-१५च्या हंगामात या एका शहरातून तीन क्लब राष्ट्रीय पातळीवर खेळत होते: आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, नव्याने सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एफसी पुणे सिटी. पुढच्या हंगामात डीएसके शिवाजीयन्सही आय-लीगमध्ये उतरला. २०१९ संपेपर्यंत चारही क्लब इतिहासजमा झाले.

याचं तयार उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पुणेकरांना क्रिकेटच लागतं, फुटबॉलला इथे गिऱ्हाईक नाही. हे उत्तर सोयीचं आहे, कारण त्यात दोष प्रेक्षकाचा ठरतो आणि पैसे उधळणारे मोकळे सुटतात. या शहरातला मोठा फुटबॉल लोकांनी पाठ फिरवली म्हणून मेला, हे मला मान्य नाही. पैसा चुकीच्या जागी ओतला गेला, हे त्याचं खरं कारण आहे.

पुणे एफसीपासून सुरुवात करू. अशोक पिरामल समूहाने २००७ साली हा क्लब उभा केला. तो खालच्या विभागातून खेळत वर चढला, २००९-१०ला आय-लीगमध्ये आला आणि २०१२-१३ला उपविजेता ठरला. २०१४मध्ये तो एएफसी कपमध्येही खेळला. पण या क्लबची खरी कमाई मामुर्डीला होती. तिथे त्याने निवासी अकादमी काढली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडाप्रबोधिनी आणि याच अकादमीतून घडत गेला आणि २०१७ला भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियान इथेच वाढला आणि जानेवारी २०१९च्या आशिया चषकात भारताच्या संघात होता. रिक्षा, शेत आणि छोट्या दुकानांवर चालणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी अशी अकादमी म्हणजे राहणं, जेवण, शाळा आणि मैदान एकाच ठिकाणी.

मग २०१४ साली आयएसएल आली. रोषणाई, सिनेतारे आणि प्रत्येक संघाला एक ‘मार्की’ खेळाडू, म्हणजे पोस्टरवर झळकणारा नामवंत परदेशी. दिल्लीकडे देल पिएरो, गोव्याकडे रॉबर्ट पिरेस, मुंबईकडे फ्रेडी ल्युंगबर्ग. पुण्याच्या वाट्याला डेव्हिड ट्रेझेगे आला. १९९८चा विश्वविजेता, २००० सालच्या युरो अंतिम सामन्यात ‘गोल्डन गोल’ करणारा. पुण्याच्या त्या हंगामातच तो ३७ वर्षांचा झाला. त्याने हंगामात दोन गोल केले आणि निवृत्त झाला. २०१५ला एड्रियन मुटू आला. २०१६ला आइसलंडचा गुडजॉन्सन करारबद्ध झाला, तो एकही सामना न खेळता दुखापतीने बाहेर पडला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. तीन वर्षांत तीन मोठी नावं झाली आणि तिन्ही वर्षं संघ उपांत्य फेरीच्या बाहेर राहिला. शेवटच्या चारांत तो पोहोचला २०१७-१८ला, जेव्हा नावांचा सोस कमी करून कामाचे परदेशी घेतले गेले.

त्याच काळात बाकीच्यांचं काय झालं? सगळा प्रकाश आणि सगळे प्रायोजक नव्या लीगकडे वळल्यावर आय-लीगचा क्लब चालवणं म्हणजे अंधारात दुकान मांडणं झालं. २०१५मध्ये पुणे एफसीचा मुख्य संघ बंद पडला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगामांनंतर २०१७ला बाहेर पडला. पुणे एफसीची अकादमी २०१६ला एफसी पुणे सिटीने घेतली, म्हणजे शहराची सगळी अंडी एका टोपलीत गेली. ती टोपली होती वाधवान समूहाच्या हातात, सोबतीला हृतिक रोशनचं नाव. २०१८-१९मध्ये डीएचएफएलचा डोलारा हलू लागला. खेळाडूंच्या थकलेल्या पगाराच्या तक्रारी फुटबॉल महासंघापर्यंत गेल्या. ऑगस्ट २०१९मध्ये क्लबची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली आणि पुण्यात उरलं काय, तर बालेवाडीचं स्टेडियम. तेही सरकारचं, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून बांधलेलं.

हैदराबादची गोष्ट याहून वेगळी झाली नाही. ज्या शहराने भारताला सय्यद अब्दुल रहीमसारखा प्रशिक्षक दिला, ज्या रहीमसाहेबांच्या संघाने १९५१ आणि १९६२ला आशियाई सुवर्ण आणलं, ज्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईतला रोव्हर्स कप जिंकला, तिथे हा क्लब गेला. २०२१-२२ला त्याने आयएसएल जिंकलीसुद्धा. पुढे तिथेही पगार थकले, फिफाची बंदी आली, खेळाडू सोडून गेले. २०२५मध्ये तीच जागा दिल्लीला हलली आणि नाव पडलं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. अकरा वर्षांत तीन शहरं. याला क्लब म्हणायचं की फिरता तमाशाचा फड? फडाला निदान गावोगावचे रसिक ओळखतात.

माझं भांडण परदेशी माणसाशी नाही, हे इथेच स्पष्ट करतो. ‘बाहेरचे हटाव’ ही भाषा आपण आपल्याविरुद्ध पुष्कळ ऐकलेली आहे, ती मैदानावर आणण्याची मला हौस नाही. १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कलकत्ता लीग जिंकणारा मोहम्मडन स्पोर्टिंग देशभरातून खेळाडू गोळा करूनच उभा राहिला होता. इराणचा जमशीद नासिरी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आला, कोलकात्यात खेळला आणि तिथलाच झाला. त्याचा मुलगा कियान याने जानेवारी २०२२मध्ये मोहन बागानकडून ईस्ट बंगालविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. बाहेरचा माणूस असा रुजला तर त्याची सावली पुढच्या पिढीला मिळते. चार महिन्यांच्या करारावर येऊन फोटो काढून जाणाऱ्याची सावली कुणाला मिळणार?

‘पण मोठे खेळाडू आले की आपली पोरं शिकतात,’ हा दुसरा युक्तिवाद. शिकायला मैदानात उतरावं लागतं. आयएसएलच्या पहिल्या हंगामांत अकरांपैकी सहा परदेशी खेळवता येत. २०१७-१८ला ते पाच झाले आणि २०२१-२२ला चार. गोल करायची जागा सगळ्यात महाग, म्हणून क्लबांनी तिथेच परदेशी बसवला. परिणाम आकड्यात दिसतो: २०१४ ते २०२५ या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. आणि राष्ट्रीय संघाला गोल हवे होते तेव्हा २०२४ला निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला ४०व्या वर्षी, मार्च २०२५मध्ये, परत बोलवावं लागलं. गंमत म्हणजे लीगच्या पहिल्याच अंतिम सामन्यात, डिसेंबर २०१४मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, भरपाई वेळेत निर्णायक गोल केला तो कुणा मार्कीने नव्हे. तो केला बदली म्हणून आलेल्या बंगालच्या मोहम्मद रफीकने. संधी मिळाली की पोरं खेळतात.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या आवडत्या विषयाकडे येतो. रोनाल्डो जानेवारी २०२३ला अल-नस्रमध्ये गेला आणि त्याच वर्षी सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने चार मोठ्या क्लबांत ७५ टक्के हिस्सा घेतला. बेन्झेमा आला, नेमार आला. कोंढव्यापासून मुंब्र्यापर्यंत आपल्या पोरांच्या अंगावर पिवळ्या-निळ्या जर्सी चढल्या, आणि ‘आता मुस्लिम मुल्कांचा फुटबॉल जग जिंकणार’ असा एक अभिमान हवेत तरंगू लागला. या अभिमानाचा हिशेब तपासायला हवा. नेमारसाठी अल-हिलालने सुमारे ९ कोटी युरो मोजले. तो क्लबसाठी अवघे सात सामने खेळला आणि जानेवारी २०२५ला परत गेला. सौदी फुटबॉलचा अलीकडचा सर्वात मोठा दिवस कोणता? २२ नोव्हेंबर २०२२, जेव्हा त्यांनी विश्वचषकात अर्जेंटिनाला २-१ने हरवलं. त्या संघातले सगळे खेळाडू सौदी लीगमध्येच खेळणारे होते आणि रोनाल्डो तेव्हा तिथे पोहोचलेलाही नव्हता. पैशांचा पूर आल्यावर त्यांचे प्रशिक्षक मान्चिनी जाहीरपणे तक्रार करू लागले, की माझ्या सौदी खेळाडूंना क्लबात खेळायलाच मिळत नाही. २०२६च्या विश्वचषकासाठी सौदीला थेट प्रवेश हुकला, जादा फेरी खेळून जागा मिळवावी लागली. त्याआधीच, जून २०२५मध्ये, जॉर्डन आणि उझबेकिस्तान पहिल्यांदा विश्वचषकात थेट पोहोचले होते. तेही मुस्लिम मुल्कच आहेत. त्यांच्या जर्सी मात्र आपल्या गल्लीत कुणी घालत नाही.

क्लबांच्या मैदानात पैसा जिंकतो, हे मी नाकारत नाही. मे २०२५मध्ये अल-अहलीने आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. पण सरकारी तिजोरी पाठीशी असण्याची चैन किती जणांना परवडते? चीनने हाच प्रयोग केला. ऑस्करसाठी शांघायच्या क्लबने २०१७ला सुमारे ६ कोटी युरो ओतले. ग्वांगझो एव्हरग्रान्डने २०१३ आणि २०१५ला आशिया जिंकला. मालक बिल्डर कंपनी बुडाली आणि जानेवारी २०२५ला तो क्लबच विसर्जित झाला. जिआंगसूचा संघ २०२०ला लीग जिंकून तीन महिन्यांत बंद पडला. डीएचएफएल आणि एव्हरग्रान्ड, नावं वेगळी, दुखणं एकच. घरबांधणीच्या कर्जावर फुगलेला पैसा मैदानात आला आणि कर्ज फुटताच मैदान सोडून गेला.

उझबेकिस्तानकडे आणखी बारकाईने पाहा. ताश्कंदच्या बुन्योदकोर क्लबनेही एकेकाळी हेच केलं होतं: २००८ला रिव्हाल्डो आणला, प्रशिक्षक म्हणून झिको, मग स्कोलारी. आशियाचं विजेतेपद काही मिळालं नाही, आणि पैसा आटला. पण त्या क्लबची अकादमी टिकली. तिथे शिकलेला अब्दुकोदिर खुसानोव जानेवारी २०२५ला मँचेस्टर सिटीत गेला. जपाननेही १९९०च्या दशकात झिको आणि लिनेकर आणले होते, पण सोबत प्रत्येक क्लबला मुलांचे संघ चालवायला लावले. पाहुण्याला पंक्तीला बसवा, पण घरातल्या लेकरांचं ताट आधी वाढा, एवढंच ते शहाणपण.

आपल्याकडे काय घडतं, ते ऑक्टोबर २०२५मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमने दाखवलं. १४ तारखेला भारत तिथे सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. आठच दिवसांनी त्याच गवतावर एफसी गोवा आणि अल-नस्र भिडले. चर्चा महिनाभर एकच, रोनाल्डो येणार का. रोनाल्डो आला नाही. गोवा १-२ हरला, पण गोव्याचा गोल केला तो ब्रायसन फर्नांडिसने, गोव्याच्याच पोराने.

मग करायचं काय? पुण्यात उद्या पुन्हा कुणी पैसेवाला क्लब घेऊन आला, तर त्याला बालेवाडीची चावी देण्याआधी चार अटी घाला. हंगामभराच्या पगाराची बँक हमी आधी जमा करा. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मिंबरवरून लहानपणापासून ऐकतो, ती फुटबॉलपटूलाही लागू आहे. परदेशी खेळाडूवर जेवढा खर्च, त्याचा ठरलेला हिस्सा मुलांच्या संघांवर. परदेशी आणायचाच तर पोरांना शिकवणारा प्रशिक्षकही आणा. आणि सर्वात महत्त्वाचं, अकादमी मालकाच्या नावावर नको, शहराच्या न्यासाच्या नावावर हवी. वक्फची कल्पना आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको: दिलेली चीज विकता येत नाही, उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही, तिचं उत्पन्न त्याच कामाला लागतं. मामुर्डीची अकादमी अशी बांधलेली असती, तर मालक बुडाला तरी पोरं बुडाली नसती.

आज कॅम्प, खडकी, कोंढव्यातली मुलं वर्गणी काढून तासावर टर्फ भाड्याने घेतात. त्यातल्या एखाद्याच्या पायात खरंच जादू असेल, तर त्याला या शहरात पुढे जायला दरवाजा नाही. बापाने फार तर बेंगळुरू किंवा गोव्याचं तिकीट काढून द्यायचं. त्या मुलांसाठी आमदार, नगरसेवक आणि जिल्हा संघटनेकडे मागायचं ते हे: महापालिकेच्या राखीव मैदानांवर रोज संध्याकाळी फुकट खेळायला जागा आणि शिकवायला पगारी प्रशिक्षक. ट्रेझेगेच्या एका हंगामाच्या खर्चात ते किती वर्षं चाललं असतं, हे पुढच्या सभेत उभं राहून विचारा.